पहिलं गिऱ्हाईक



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या तालुक्यातल्या दोन पिढ्यांना टर्नर, फिटर आणि वायरमन केलं. त्यामुळे तंत्रज्ञानाचा धंदा सुरू कसा करावा, वाढवावा कसा आणि मुळात तो शिकता येतो का, असा विषय कार्यकर्त्यांनी सुचवला तेव्हा मी लगेच होकार दिला.

हा प्रश्न आज सगळीकडे विचारला जातो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत उद्योजकता कक्ष निघाले आहेत. मराठवाड्यात मुख्यालय असलेलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून काम करतं आहे. मुंबईच्या आयआयटीत ‘साइन’ आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. नव्या कल्पना घेऊन येणाऱ्या मुलांना तिथे जागा मिळते, उपकरणं मिळतात, सल्ला मिळतो. या संस्थांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण गेली कित्येक वर्षं या मुलांबरोबर वावरताना माझं एक मत पक्कं झालं आहे आणि आज तेच तुमच्यापुढे मांडायला आलो आहे. हा धंदा शिकता येतो. मात्र तो शिकवतं पहिलं गिऱ्हाईक. ते ज्याला मिळालं नाही त्याचं शिक्षण अर्धवट राहतं, मग त्याने कितीही शिबिरं केलेली असोत. आणि पहिलं गिऱ्हाईक होणं हे काम तुमचं-माझं, गावाचं, संस्थांचं आहे. त्या कामात आपण फार मागे पडलो आहोत.

सुरुवात मी जुन्या उदाहरणाने करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपण इतक्यांदा घेतो की त्या नावामागचा खटाटोप दिसेनासा झाला आहे. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईला गेला. जे. जे. कलाशाळेत असताना त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगकाम सुटलं, पण हात चालत होता. यंत्रांची रेखाचित्रं काढणं त्याने शिकून घेतलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, तो शिकवू लागला. पुढे बढतीत डावलल्यावर नोकरी सोडली. बेळगावला भावाबरोबर सायकलचं दुकान आधीच, १८८८ पासून, चालू होतं.

या दुकानात नुसती सायकल विकून भागत नव्हतं. तेव्हाच्या बेळगावात सायकल चालवता येणारी माणसं किती असणार? म्हणून सायकल विकायची, चालवायला शिकवायचं आणि बिघडली की दुरुस्तही करायची, अशी तिन्ही कामं किर्लोस्कर बंधू करत. नवं यंत्र विकणाऱ्याला ते वापरणारा माणूसही घडवावा लागतो, हा पहिला पाठ त्यांना इथेच मिळाला. आजच्या भाषेत याला ग्राहक प्रशिक्षण म्हणतात आणि त्यासाठी वेगळा विभाग असतो.

त्यानंतर कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ साली लोखंडी नांगर. आता इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तंत्रज्ञानाच्या धंद्याचं अख्खं शिक्षण या एका नांगरात आहे.

काळ्या, भारी जमिनीत लाकडी नांगर चालवायला बैलांच्या कितीतरी जोड्या जुंपाव्या लागत, तरी तो माती चिरतच जाई, उलथत नसे. हराळी आणि कुंदा मुळासकट निघत नसे. लोखंडी नांगर माती उलटीपालटी करतो, खोल जातो, तणाची मुळं वर आणून उन्हात टाकतो. आपल्याला आज हे इतकं उघड दिसतं. पण त्या वेळच्या शेतकऱ्याची पक्की समजूत होती की लोखंड जमिनीत गेलं तर जमीन विषारी होते, नासते. लक्ष्मणरावांनी चाळीसएक नांगर तयार केले आणि जवळजवळ दोन वर्षं त्यांतला एकही खपला नाही. चाळीस नांगरांत अडकलेलं भांडवल, भट्टीचा खर्च, कामगारांची मजुरी आणि रोज समोर दिसणारा पडून राहिलेला माल. कारखाना काढणाऱ्या माणसाला ही दोन वर्षं काय वाटत असतील, याची कल्पना व्यवहार केलेल्यालाच येईल.

या शेतकऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. ज्याचं सगळं जगणं एका जमिनीवर आहे, त्याने त्या जमिनीत कुणी सांगतो म्हणून परकी वस्तू का घालावी? नांगर फसला तर कारखानदाराचा एक नांगर जातो, शेतकऱ्याचं वर्ष जातं. नव्या तंत्रज्ञानाला नकार देणाऱ्या माणसाचा हिशेब बहुधा आपल्यापेक्षा जास्त काटेकोर असतो. तो हिशेब समजून घेतल्याशिवाय जो माल घेऊन बाजारात उतरतो, तो दोन वर्षांत संपतो. किर्लोस्कर संपले नाहीत, कारण त्यांचं बाकीचं काम चालू होतं आणि चुलीला आधार होता.

शेवटी नांगर विकले गेले आणि त्यातले काही परत आले. लोखंडाबद्दलच्या भीतीने नव्हे, तर फाळाचं टोक टिकेना म्हणून. माझ्या दृष्टीने किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा दिवस. दोन वर्षं ज्या आक्षेपावर वाद घालता येत नव्हता त्याची जागा आता मोजता येणाऱ्या तक्रारीने घेतली होती. जमीन नासते या म्हणण्याला ओतशाळेत उत्तर नसतं. फाळ झिजतो या म्हणण्याला असतं.

ओतकामातली माणसं इथे बसली आहेत, त्यांना ठाऊक आहे की साध्या बिडाचा फाळ मुरमाड जमिनीत लवकर झिजतो आणि नुसता कठीण केला तर दगडावर आपटून तुटतो. टोक कठीण हवं, मागचा भाग चिवट हवा. यावर जगभर वापरलेला एक उपाय असा की वाळूच्या साच्यात ज्या जागी धार यायची तिथे लोखंडाचा थंड तुकडा बसवायचा. वितळलेलं बीड त्याला टेकलं की झटक्यात निवतं आणि तेवढाच भाग पांढऱ्या, कडक बिडाचा होतो. बाकीचं बीड वाळूत सावकाश निवून करडं, मऊ राहतं. ऐकायला सोपं आहे. पण बीड कसं हवं, भट्टी किती तापवायची, तो थंड तुकडा किती जाड घ्यायचा, हे सगळं ओतून, फोडून, पुन्हा ओतूनच कळतं. लक्ष्मणरावांनी धातूवर काम केलं, फाळ सुधारला आणि त्यानंतर नांगराला मागणी आली. परदेशी नांगराची हुबेहूब नक्कल करून हे साधलं नसतं. तो आपल्या बैलांनी, आपल्या शेतकऱ्याने, आपल्या मातीत चालवून मोडून दाखवला, तेव्हा कुठे तो इथला नांगर झाला.

पुढची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. बेळगावच्या वाढीसाठी नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची पाळी आली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आधी देवळाच्या सभामंडपाचं काम दिलं आणि मग कारखान्यासाठी जागा देऊ केली. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ, निवडुंगाने आणि सापांनी भरलेला. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. पंतप्रतिनिधींनी जमीन दिली याचं आपण कौतुक करतो. माझ्या मते जमिनीइतकंच महत्त्वाचं होतं आधीचं सभामंडपाचं काम. उठवलेल्या कारखानदाराच्या हाताला संस्थानाने काम दिलं, त्याचे पैसे दिले, त्यातून ओळख आणि भरवसा तयार झाला आणि त्यानंतर जमीन. हा क्रम लक्षात ठेवा, मी शेवटी त्याचा उपयोग करणार आहे.

माणसं निवडतानाही लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रांकडे पाहिलं नाही. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर झाले. शंभूराव जांभेकर यंत्रांकडे पाहत, मंगेशराव रेगे हिशेब पाहत, भाऊ रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहत. शिक्षा भोगून आलेली माणसं वाडीची राखणदार झाली. हाताखालच्या माणसाने चुकत शिकावं आणि आपण खर्च सोसावा, ही तयारी ज्याच्याकडे आहे त्याचाच धंदा वाढतो.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. शंकरराव किर्लोस्करांनी चालवलेलं हे मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ म्हणून घराघरात गेलं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही त्याची भावंडं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना मानाचं पान आहे. पण खबरचा जन्म नांगर-चरकांच्या कारखान्यातून झाला, गिऱ्हाइकांशी आणि विक्रेत्यांशी संबंध ठेवण्यासाठी झाला, हे साहित्याचे अभ्यासक जाता जाता सांगतात आणि धंद्याचे अभ्यासक सांगतच नाहीत. कारखान्यापासून शंभर कोस लांबच्या शेतकऱ्याशी मालक आता स्वतः बोलू शकत नव्हता. त्याच्या वतीने छापील कागद बोलू लागला. वाढणं म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

आता दूरची गोष्ट पुरे झाली, एक जवळची सांगतो. आपल्याच भागातला एक मुलगा, इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, त्याने दूध संकलन केंद्रासाठी एक यंत्र बनवलं. काटा आणि फॅटचं यंत्र एका डब्याला जोडायचं, वजन, फॅट, एसएनएफ आपोआप घ्यायचं, दर लावायचा, पावती छापायची आणि उत्पादकाच्या मोबाइलवर संदेश पाठवायचा. महाविद्यालयाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं होतं. एका छोट्या संस्थेच्या सचिवांनी त्याला सांगितलं, आण बाबा, बघू. त्या सकाळी मीही गेलो होतो.

पहाटे साडेपाचला रांग लागलेली. किटल्या, कॅन, हंडे. बल्बच्या उजेडात सचिव सॅम्पल घेतायत, बोटं दुधाने भिजलेली. मुलाने हौसेने टचस्क्रीन बसवला होता. ओल्या बोटाला तो दाद देईना. सचिव बोट धोतराला पुसायचे, आकडा दाबायचे, पुढची किटली घ्यायचे, पुन्हा बोट ओलं. रांग तुंबली. मागून एक बाई ओरडली की मला वैरणीला जायचंय, वही काढा तुमची. दहाव्या किटलीला वही निघाली.

दुसऱ्या दिवशी तो साधे, मोठे, रबरी बटणांचे आकडे घेऊन आला, वर पारदर्शक प्लास्टिक चढवलेलं. मग वीज गेली आणि त्याला कळलं की बॅटरी खातो तो छपाईचा भाग. ते निस्तरलं. मग संदेशांचं निघालं. मोबाइल नंबर खातेदाराचे, म्हणजे घरच्या पुरुषांचे. दूध घालायला येणार बाई, तिला संदेश दिसतच नाही. म्हणून पावती ठेवणं भाग होतं. आणि एके दिवशी एका वयस्क बाईंनी त्याला विचारलं, या चिठ्ठीवर कालची फॅट का नाही? आजची पाच पाच लागली, काल किती होती हे मी कुठे शोधू? म्हैस कमी झाली की तुझं यंत्र कमी दाखवतंय, मला कसं कळणार?

मित्रहो, हे कोणत्या पुस्तकात होतं? त्याच्या मार्गदर्शकांना हे सुचलं नसतं, मलाही सुचलं नाही. कालचा आकडा आजच्या शेजारी छापायला त्याला फार वेळ लागला नाही. पण त्या एका ओळीमुळे शेजारच्या गावांतल्या संस्थांनी ते यंत्र मागितलं, कारण फॅटवरून होणारी रोजची हुज्जत कमी झाली. पुढे त्याच्या ध्यानात आलं की सचिवांचं खरं डोकं दुखतं ते दहा दिवसांच्या बिलाला. पेंडीची कपात, उचल, मागची बाकी, पैशांची गोळाबेरीज. दूध मोजणं हे यंत्राचं निम्मं काम, उरलेलं निम्मं हिशेबाचं. त्याने तेही घेतलं. आज त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या हिशेबाच्या वार्षिक देखभालीतून येतो.

वाढीचं गणितही त्याला तिथेच भेटलं. पहिल्या काही केंद्रांवर बिघाड झाला की तो मोटरसायकलवर स्वतः जायचा. केंद्रं वाढली तसं हे अशक्य झालं. सकाळचं संकलन दोन तासांत उरकतं, त्या वेळात माणूस पोचला नाही तर दुरुस्तीला अर्थ उरत नाही. मग त्याने दर चार-पाच गावांत एक जादा डबा ठेवला. बिघडलेला काढायचा, जादा लावायचा, दुरुस्ती दुपारी. आणि प्रत्येक तक्रार लिहायची वही घातली. कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, काय झालं आणि काय केलं. नवा मुलगा नोकरीला लागला की पहिला आठवडा त्याने ती वही वाचायची. स्वतःच्या डोक्यातलं शहाणपण दुसऱ्याला वापरता येईल अशा जागी ठेवणं, एवढंच त्याने केलं. किर्लोस्करांचं मासिक आणि या मुलाची वही यांत मला फार अंतर दिसत नाही.

कुणी म्हणेल, नांगर आणि दुधाचा डबा ठीक, सॉफ्टवेअरचं काय? तिकडे तर सगळं वेगळं असतं. मला तसं वाटत नाही.

कैलास काटकरांचं उदाहरण घ्या. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना चारशे रुपयांवर लागले. १९९० साली पंधरा हजार रुपयांवर मंगळवार पेठेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे संगणक दुरुस्त करू लागले, तेव्हा तेच ते संगणक पुन्हा पुन्हा येऊ लागले, फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसने बिघडलेले. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी दुकानात येणाऱ्या यंत्रांवरचे व्हायरस काढायला छोटे प्रोग्राम लिहिले. १९९५ साली त्यातून ‘क्विक हील’ बाजारात आलं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे अँटिव्हायरस तेव्हा उपलब्ध होते. पण पुण्याच्या पेठांतल्या, नाशिक-कोल्हापूरच्या संगणकांवर कोणता व्हायरस या आठवड्यात फिरतो आहे, हे दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाइतकं कुणाला माहीत असणार?

तरी खप होईना. दशकाच्या शेवटी धंदा गुंडाळायची वेळ आली होती. माल चांगला होता, पण तो दुकानदारांपर्यंत पोचवणारी माणसं नव्हती. काटकरांनी विक्रीची माणसं घेतली, जाहिरात केली, पुण्याबाहेर पहिली शाखा नाशिकला काढली आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या गावोगावच्या दुकानदारांनाच विक्रेते केलं. ज्या जगातून आपण आलो त्याच जगातल्या माणसांमार्फत विकायचं, हे त्यांना बरोबर सुचलं. २०१० साली सिकोइया कॅपिटलने त्यांच्या कंपनीत साठ कोटी रुपये गुंतवले आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली. आमच्या मुलांना हे शेवटचे दोन आकडे पाठ असतात. त्यांच्याआधीची वीस वर्षं कुणी विचारत नाही. बाहेरचं भांडवल मिळालं तेव्हा काटकरांना काय विकायचं, कुणाला विकायचं आणि बिघडलं तर काय करायचं हे सगळं ठाऊक होतं. पैशाने ते जास्त वेगाने करता आलं. हे ठाऊक नसताना पैसा मिळालेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. त्या वेगाने खर्च करतात.

आणि इन्फोसिस. नारायण मूर्तींनी तिच्याआधी, १९७६ साली, पुण्यात ‘सॉफ्ट्रॉनिक्स’ नावाची कंपनी काढली होती. दीडेक वर्षात ती बंद पडली. हुशारी कमी पडली असं नाही. देशात त्या काळी संगणकच इतके थोडे होते की सॉफ्टवेअर विकत घेणारं गिऱ्हाईक नव्हतं. हा धडा घेऊन १९८१ साली पुण्यात सात जणांनी इन्फोसिस सुरू केली, सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर, आणि गिऱ्हाईक शोधलं ते न्यूयॉर्कचं, डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. स्वतःचा संगणक नव्हता, म्हणून मंडळी अमेरिकेत गिऱ्हाइकाच्या यंत्रावर जाऊन काम करत. देशातलं पहिलं मोठं काम बंगळूरच्या मायको कंपनीचं मिळालं आणि १९८३ साली कंपनी पुणं सोडून बंगळूरला गेली.

इन्फोसिस पुण्यातून गेली, याची हळहळ आपल्याकडे अजून व्यक्त होते. त्यावर हवामान, सरकारं, भाषा अशी नाना कारणं सांगितली जातात. मला सरळ कारण पुरेसं वाटतं. काम बंगळूरने दिलं. कंपनी गिऱ्हाइकाच्या गावाला गेली. तशी ती नेहमीच जाते. नंतर १९९३ साली शेअर विक्रीला काढले तेव्हा भांडवली बाजाराने ते पुरते घेतलेसुद्धा नाहीत, आणि सहा वर्षांनी ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदवली गेलेली पहिली भारतीय कंपनी ठरली. याच प्रवासात १९९५ साली त्यांनी एक अवघड निर्णय घेतला. एकूण उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा देणारं जनरल इलेक्ट्रिकचं काम त्यांनी सोडलं, कारण मागितलेला दर परवडणारा नव्हता, आणि यापुढे कोणत्याही एका गिऱ्हाइकावर इतकं अवलंबून राहायचं नाही असं ठरवलं. पहिल्या गिऱ्हाइकाला घट्ट धरणं आणि वेळ आली की मोठं गिऱ्हाईकसुद्धा सोडणं, ही दोन्ही कामं एकाच माणसाला शिकावी लागतात. ती परस्परविरोधी दिसतात. यातलं दुसरं शिकवण्याची सोय माझ्या माहितीत कुठेही नाही, फक्त हिशेबाची वही ते शिकवते. दर गिऱ्हाइकामागे नफा किती, हे ज्याने वेगळं लिहून ठेवलं आहे त्यालाच असा निर्णय घेण्याचं धैर्य येतं.

आता मी ज्यासाठी आलो त्या मुद्द्याकडे वळतो.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, सूतगिरण्या, बाजार समित्या, नगरपालिका, पतसंस्था, रुग्णालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी यंत्रं लागतात, मोजमाप लागतं, हिशेबाचं सॉफ्टवेअर लागतं. आणि दर वर्षी आपल्याच महाविद्यालयांतून या सगळ्या गोष्टी बनवू शकणारी मुलं बाहेर पडतात. ही मुलं एखाद्या संस्थेकडे गेली की त्यांना काय ऐकू येतं? तीन वर्षांची उलाढाल दाखवा. असंच काम पूर्वी कुठे केलं त्याचा दाखला आणा. अनामत भरा. ज्याचं पहिलंच काम आहे तो पूर्वीच्या कामाचा दाखला कुठून आणणार? केंद्र सरकारने आपल्या खरेदीत नोंदणीकृत नवउद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढाल यांच्या अटींतून सवलत ठेवली आहे. सहकारी संस्थांना आपापल्या खरेदीच्या अटी ठरवण्याचा अधिकार आहे. तो वापरायला कुणी अडवलेलं नाही.

सगळीच खरेदी मुलांकडून करा असं मी म्हणत नाही. कारखान्याचा बॉयलर नवशिक्याच्या हाती देऊ नये, रुग्णालयातलं जीवरक्षक यंत्र तर मुळीच देऊ नये. पण ऊसगाड्यांच्या रांगेचं नियोजन आहे, काट्यावरची नोंद आहे, पाणीपुरवठ्याच्या टाकीची पातळी आहे, गोदामातली आर्द्रता आहे. इथे जुनी पद्धत चालू ठेवून शेजारी नवं यंत्र एक हंगाम चालवता येतं. फसलं तर वही आहेच. त्या मुलाला हंगामभर कारखान्यात बसायला एक टेबल द्या. चालवणाऱ्या माणसांना सांगा की याला सगळं खरं सांगायचं, साहेबांना बरं वाटेल असं नाही. संचालक मंडळापुढे सादरीकरण करून घेण्यापेक्षा त्याला रात्रपाळीच्या काटेवाल्याबरोबर चार रात्री काढू द्या.

आणि पैसे वेळेवर द्या. याबाबत माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवत नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. अलीकडे आयकर कायद्यातही तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत दिली नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीत धरता येतो. कायदा पुरेसा कडक आहे. पण ज्याला पुढचं काम त्याच संस्थेकडून हवं आहे तो मुलगा व्याज मागायला जाईल का? तो हात जोडून लेखा विभागाच्या दारात उभा राहतो. मोठ्या कंपनीचं बिल थकलं तर तिचा एक विभाग अस्वस्थ होतो. याचं थकलं तर दोन पगार थांबतात, त्याच्याकडची हुशार मुलगी पुण्याला नोकरीला जाते आणि तिच्याबरोबर वर्षभर कमावलेलं ज्ञान जातं. तोट्यात नसलेले धंदे केवळ उधारीपायी बुडाले, अशी उदाहरणं या सभागृहातल्या कित्येकांच्या घरात असतील.

समोर बसलेल्या तरुणांनाही दोन शब्द. पहिलं गिऱ्हाईक फुकटात घेऊ नका. थोडे का होईनात, पैसे घ्या. फुकट घेतलेल्या यंत्राची तक्रार कुणी करत नाही, ते कोपऱ्यात ठेवतात. पैसे मोजलेला माणूसच रात्री अकराला फोन करून तुम्हाला शिकवतो. आणि पोटापाण्याची दुसरी सोय असेल तर ती लगेच सोडू नका. किर्लोस्करांना सायकलींनी जगवलं, काटकरांना दुरुस्तीने, इन्फोसिसला परक्या यंत्रावरच्या मजुरीने. जगवणारं काम कमी दर्जाचं नसतं. तिथेच पुढच्या मालाची कल्पना सापडते.

औंधच्या राजाने आधी काम दिलं आणि मग जमीन दिली, असं मी मघाशी म्हणालो. आपल्याकडे आता औद्योगिक वसाहती आहेत, भूखंड आहेत, कर्जाच्या योजना आहेत. जमिनीचा भाग झाला आहे. आधीचं काम राहिलं आहे. ते द्यायला संस्थान लागत नाही. संचालक मंडळाचा एक ठराव आणि एका शेतकी अधिकाऱ्याची किंवा एका सचिवाची तयारी एवढ्यावर भागतं.

यंदाचा गळीत हंगाम सुरू व्हायला अजून अवधी आहे. इथे तीन कारखान्यांचे संचालक आणि दूध संघाचे पदाधिकारी उपस्थित आहेत. त्यांनी आपापल्या ठिकाणचं एक असं काम निवडावं जे रोज त्रास देतं पण बंद पडलं तर कारखाना थांबत नाही, आणि ते इथल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हंगामभरासाठी ठरावीक रकमेवर द्यावं. ज्यांची इच्छा असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावं. कोणत्या महाविद्यालयात कुणाला विचारायचं ते मी सांगेन आणि पहिल्या भेटीला बरोबरही येईन. यंत्र बंद पडलं की फोन प्राचार्यांना करू नका, मलाही करू नका. ज्याने बनवलं त्यालाच करा, आणि तो आला की वाटेल तेवढं बोला, पण त्याला ते उघडू द्या.